गुलाबी तूप

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे, जिथे शहर संपतं की शेत सुरू होतं हे मुनशिपाल्टीलाही नक्की ठाऊक नव्हतं, तिथे मनकर्णाबाई राहायची. चार म्हशी, तीन एकर वावर आणि चंपतराव नावाचे एक यजमान, एवढा तिचा संसार. म्हशी दूध द्यायच्या, वावर ज्वारी द्यायचं आणि चंपतराव मत द्यायचे. मत कुणी मागितलेलं नसायचं. पण न मागता देणारे म्हणून घरात त्यांचा पहिला नंबर होता.

सीताबर्डीपासून धंतोलीपर्यंतच्या घरांत मनकर्णाबाईला ओळखत ते तिच्या तुपासाठी. गुरुवारी आणि रविवारी ती डोक्यावर टोपली घेऊन निघायची. तूप रवाळ, पिवळसर, विड्याच्या पानाचा वास असलेलं. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू दुसऱ्या तुपात वळायचेच नाहीत, असं धंतोलीतल्या निदान सात घरांनी ठरवून टाकलं होतं. या ख्यातीचा मनकर्णाबाईला गर्व होता, आणि तो लपवायची तिला गरजही वाटत नसे. गिऱ्हाइकांवर ती चक्क नजर ठेवायची. एका हेडक्लार्कच्या बायकोनं तिच्या तुपात भजी तळली, हे कळल्यावर तिनं त्या घरी दोन महिने पाऊल टाकलं नाही. देवापुढच्या निरांजनाला तूप वापरलं तर चालायचं, पण वात किती जाड आहे ते ती वाकून बघायची.

तूप ठेवायचं ते मातीच्या मडक्यात. डब्याला पत्र्याचा वास लागतो, असं तिचं म्हणणं. मात्र नवं मडकं म्हणजे हपापलेला प्राणी. त्यात तूप ओतलं की पावशेर तरी ते स्वतःच पिऊन टाकणार. म्हणून तिच्या माहेरी, उमरेडकडे, नव्या मडक्याला आधी तेल पाजायची रीत होती. मडकं तीन दिवस पाण्यात, दोन दिवस उन्हात, मग कोमट तिळाच्या तेलानं काठोकाठ भरून आठ दिवस कोपऱ्यात. नवव्या दिवशी तेल निथळून काढायचं आणि न धुता तूप भरायचं. धुतलं तर पाणी शिरतं. तेल तिळाचंच हवं. जवसाचं तेल वास सोडतं आणि भुईमुगाचं म्हणजे कालपरवाचं आलेलं, त्याच्यावर भरवसा कोण ठेवणार? एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर गिऱ्हाइकाच्या वाट्याचं तूप मडक्यानं खाऊ नये यासाठी.

खाण्याच्या जिनसांत भेसळ करू नये असा कायदा दिल्लीत चोपन्न साली झाला. सक्करदऱ्याला पोचायला त्याला तीन वर्षं लागली. बहुधा पायी आला असावा. घरचं तूप विकायचं तरी लायसन हवं, हे चंपतरावांनी पेपरात वाचलं आणि ते स्वतः कचेरीत चार खेटे घालून लायसन घेऊन आले. मनकर्णाबाईनं त्याला काच आणि चौकट लावून घेतली.

"भेसळवाल्याईले आता सरकार पकडून राहिलं," ती यमुताईंना सांगायची. यमुताई धंतोलीतल्या एका कारकुनाच्या पत्नी, तिच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. "बरं झालं बाई. बजारात तुपाच्या नावानं काय काय विकून राहिले!"

कायद्याचं इतकं मनापासून स्वागत नागपुरात दुसऱ्या कुणी केलं नसेल.

मग एका सकाळी फूड इन्स्पेक्टर वामनराव सायकलवरून आले. मागे एक शिपाई. पंच म्हणून शेजारचा जागेश्वर विणकर माग सोडून हजर झाला. वामनराव तरुण होते, नम्र होते, आणि त्यांना म्हशींची भीती वाटत होती.

"मावशी, तुपाचा नमुना घ्यायचा आहे."

"नमुना काहून? शेरभर घ्या ना साहेब."

साहेबांनी जवळच्या उघड्या मडक्याकडे बोट केलं. मनकर्णाबाई मध्ये आडवी झाली. "ते नाई जी. ते मडकं जुनं, तूप आठ दिवसाचं हाय, चमचा लागलेलं. पाव्हण्याले आमी नव्या मडक्यातलं देतो."

"मी पाहुणा नाही, मावशी. मी सरकारी कामानं आलोय."

"घरी आला तो पाव्हणा. तुमी बसा."

नवं मडकं त्याच दिवशी भरलेलं होतं. त्यातलं तूप तिनं ओतून दिलं. साहेबांनी ते तीन बाटल्यांत भरलं, लाख वितळवून मोहर लावली, कागदावर तिचा अंगठा घेतला आणि तुपाची किंमत पुढे केली. ती घेईना. किंमत घेतलीच पाहिजे असं कायद्यात आहे, हे त्यांनी तिला दोनदा समजावलं. शेवटी पैसे घेऊन तिनं बदल्यात साहेबांच्या तळहातावर तुपाचा एक गोळा ठेवला. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि चाटून टाकला. नमुना घेण्याच्या नियमांत तेवढा एकच प्रकार बसत नव्हता.

तीनपैकी एक बाटली तिच्याकडे ठेवायची होती. तिनं तिला हळदकुंकू लावलं.

"सरकारच्या नजरेत आलं वं आपलं तूप," चंपतराव म्हणाले. "आता दिल्लीले जाईन, पाह्य."

महिन्याभरानं कागद आला. चंपतरावांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मत न देता बायकोच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, हेही ते विसरले.

"काय लिवलं हाय जी?"

"वनस्पती लिवलं. तुपात ते डब्यातलं कारखान्याचं तूप निंगालं म्हणते."

मनकर्णाबाई उठली आणि तडक गोठ्यात गेली. एकेका म्हशीसमोर उभी राहून तिनं तिच्याकडे असं पाहिलं, की चौघींपैकी एकीनं तरी कबुली द्यावी. म्हशी रवंथ करत राहिल्या. मग तिनं गोठ्याच्या खांबाला डोकं टेकलं, आणि चंपतराव चहाला हाक मारायला आले तोवर ती तशीच उभी होती.

मार्तंडराव वकील सीताबर्डीवर बसायचे. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, आणि मडक्याची गोष्ट येताच हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तिळाचं तेल? किती दिवस?"

"आठ दिवस. मग निथळलं."

"आणि न धुता, वरून गरम तूप?"

"कोमट. गरम ओतलं तर मडकं तडकते."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "बाई, वनस्पती करणाऱ्या कारखान्यांना सरकारचा हुकूम आहे की त्यात थोडं तिळाचं तेल घालायचंच. का? तर कुणी ते तुपात मिसळलं तर पकडता यावं. तपासणारा तुपात ॲसिड आणि साखर घालून हलवतो. तिळाचं तेल असलं की ते गुलाबी होतं. तुमचं झालं. मडक्यानं प्यालेलं तेल तुपात उतरलं."

मनकर्णाबाई पुढे सरकली. "म्हणजे त्या जुन्या मडक्यातलं देलं असतं तर?"

"जुन्यात तेल उरलं नसेल. बहुतेक काहीच झालं नसतं."

"साहेब तेच मागत होते," ती म्हणाली.

चंपतरावांनी घरी ठेवलेल्या हळदकुंकवाच्या बाटलीची आठवण करून दिली. ती फेरतपासणीला कलकत्त्याच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवता येते, वकील म्हणाले. पण तिन्ही बाटल्या एकाच मडक्यातल्या, कलकत्त्यालाही गुलाबीच होणार. कायदा हेतू विचारत नाही. तूप विकणाऱ्याच्या तुपात दुसरं तेल सापडलं की संपलं. मग त्यांनी आवाज उतरवला. एक वाट आहे. माल विकत घेतलेला असेल आणि विकणाऱ्यानं शुद्ध असल्याची लेखी हमी दिलेली असेल, तर दुकानदार सुटतो. त्यांच्या ओळखीचा एक व्यापारी मागली तारीख टाकून चिठ्ठी द्यायला तयार होता.

"आणि मंग त्याच्यावर केस नाई होणार?" चंपतरावांनी विचारलं.

"त्यानं ते दुसऱ्याकडून घेतलं असं तो म्हणेल. तो दुसरा गेल्या वर्षी वारला. मेलेल्या माणसाला समन्स लागत नाही."

चंपतरावांना ही युक्ती इतकी आवडली की ते मांडी ठोकून हसले. मनकर्णाबाई हसली नाही. "म्हणजे मी कोर्टात का म्हणायचं?"

"एवढंच, की हे तूप तुम्ही केलेलं नाही. विकत आणलेलं."

घरी आल्यावर चंपतराव बोलले, आणि ते थांबेनात. "एका वाक्यात सुटते वं तू! नाई तर लायसन जाते. लायसन गेलं तर कोण घेते तुपाले? म्हशीईले का आरती करत बसायचं?"

"आन सुटली तर? यमुताई विचारीन ना, मनकर्णे, कोण्या वाण्याचं तूप पाजत होती माह्या लेकराईले? वीस वर्सं?"

"सांगू तिले खरं खरं."

"कोर्टात खोटं आन दारोदार खरं सांगत फिरू? कोण आयकते जी?" ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली. "तूप माहं हाय. माहं नाई असं मी म्हणणार नाई."

चंपतराव रात्रीचं जेवले नाहीत. खरं तर अर्धी भाकर जेवले. पण ते रागावले आहेत हे कळावं म्हणून कोरडीच जेवले, तुपाशिवाय.

कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मार्तंडराव वकील छताकडे पाहत उभे राहिले.

"तूप माहं हाय, साहेब," मनकर्णाबाई म्हणाली. "तेलबी मीच पाजलं. वनस्पती माहं नाई. मी ते हातातबी धरलं नाई कधी."

मग कुणी न विचारता तिनं मडक्याची सगळी रीत सांगितली: तीन दिवस पाणी, दोन दिवस ऊन, आठ दिवस तेल. मॅजिस्ट्रेटनी मध्ये थांबवलं नाही. त्यांच्या घरीही कुणी तरी असं करत असावं, कारण सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. मग त्यांनी लिहायला घेतलं. कायद्यानं सहा महिनेसुद्धा देता आले असते. त्यांनी लहानसा दंड केला, आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद.

कोर्ट उठेपर्यंतची कैद म्हणजे बाकावर बसून राहायचं. संध्याकाळी साहेब उठले की सुटका. वकील म्हणाले, फारच स्वस्तात सुटलात. तेव्हा बारा वाजले होते.

मनकर्णाबाई आठव्या वर्षापासून कधी रिकामी बसली नव्हती. बाळंतपणातही तिनं पडल्या पडल्या ताक घुसळलं होतं. आता तिच्या हातांना करायला काहीच नव्हतं. एक वाजता तिनं पदराचे सुटलेले दोरे वळले. दोन वाजता तिनं शेजारच्या आरोपीच्या पायाला लागलेला काटा काढून दिला. तो सायकलचोर होता आणि फार आभारी झाला. तीन वाजता म्हशींना पाणी दाखवायची वेळ झाली, आणि ती उठली. शिपाई म्हणाला, "बाई, बसा." ती बसली. चंपतराव बाहेर कडुनिंबाखाली उभे होते. आतून ते दिसत होते. ते पहिल्यांदाच कुणाशीही बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. भेसळयुक्त तूप विकणाऱ्या बाईस शिक्षा. तिळाच्या तेलाचं, मडक्याचं काही त्यात नव्हतं. चार ओळींत मडकं कुठे मावणार? लायसन परत घ्यायला शिपाई आला. तिनं चौकटीची काच सांभाळून काढली, कागद दिला आणि चौकट ठेवून घेतली.

गुरुवारी ती सवयीनं धंतोलीला गेली. टोपलीत तूप नव्हतं. यमुताईंची पितळी बरणी मागच्या खेपेपासून तिच्याकडे राहिली होती, ती परत करायची होती. यमुताईंनी तिला पाट दिला, चहा केला, पोरांची चौकशी केली. पेपरचं नाव दोघींनीही काढलं नाही. मनकर्णाबाईनं मडक्याची गोष्ट मनात जुळवून आणली होती. चहा संपला की सांगायची. तेवढ्यात तिला फडताळावर पिवळा डबा दिसला. वनस्पतीचा. झाकण नुकतंच कापलेलं.

यमुताईंनी तिची नजर पाहिली. "हे आणलंय यांनी," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "मी म्हटलं नको. तर म्हणाले, निदान डब्यावर लिहिलेलं तरी असतं."

"हो," मनकर्णाबाई म्हणाली. "खरंच हाय ते. लिवलेलं असते."

ती उठली. मडक्याची गोष्ट तिनं सांगितली नाही. दारापर्यंत यमुताई आल्या, "येत जा हं," म्हणाल्या, आणि दार लावून घ्यायला त्यांना नेहमीपेक्षा थोडा कमी वेळ लागला.

पावसाळ्याआधी दोन म्हशी विकल्या. उरलेल्या दोघींचं दूध सीताबर्डीवरच्या एका हॉटेलात जाऊ लागलं. विरजण नको, रवी नको, विड्याचं पान नको. हॉटेलच्या मागच्या दाराशी मोठा ड्रम ठेवलेला असायचा. त्यात चार ठिकाणचं दूध एकत्र पडायचं. पहिल्या दिवशी मनकर्णाबाईनं मालकाला विचारलं, "हे कोन पेते जी?"

"कोन म्हंजे?" मालक भजी तळता तळता म्हणाला. "गिऱ्हाईक पेते. ओता, ओता, मागं लाईन हाय."

तिनं डबा ड्रमवर पालथा केला, तळाचे दोन थेंब निथळू दिले, आणि मागच्या गवळ्याला जागा करून दिली.