भट्टी भरेपर्यंत

'मिलिमीटरकाका' हे नाव त्यांना मातीकामाच्या वर्गात पडलं, आणि ते त्यांनी स्वतःच्या करणीनं कमावलं होतं. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढलेला हा माणूस. पेन्सिलीला टोकसुद्धा मोजूनमापून काढायचा. बायको गेली आणि घर खायला उठलं. दोन वर्षं कशीबशी ढकलली. मग एक दिवस वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली : 'मातीकाम, मंगळवार-शुक्रवार, दुपारी तीन, तळघरात.' लहानपणी काकांना भांडी घडवायची होती. "चिखलात कुणाचं पोट भरलंय?" असं म्हणून बापानं कान पिळला, आणि ती हौस पन्नास वर्षं मनातल्या मनात राहिली. चिठ्ठी वाचून ते तसेच जिना उतरले.

पहिले दोन महिने ते कुणाशी धड चार शब्द बोलले नाहीत. कोपऱ्यातलं चाक धरायचं, मान खाली घालून काम करायचं, टेबल पुसायचं आणि निघायचं. सगळ्यांना वाटलं, म्हातारा शिष्ट दिसतोय. शिष्ट कसला! भिंतींशी राहून राहून माणसांशी काय बोलायचं हेच विसरला होता बिचारा.

मग ते झाकणाचं प्रकरण झालं. काकांनी एक देखणा डबा केला, आठवडाभर सुकवला, त्याच्या तोंडाचं माप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घेतलं आणि नेमक्या त्याच मापाचं झाकण ओल्या मातीत घडवलं. माती सुकली की आटते, हे तिथल्या नवख्यालाही ठाऊक होतं. पण काकांचा मापावर असा विश्वास, की मातीनं आटायच्या आधी त्यांना विचारायला हवं होतं! झाकण सुकलं. काकांनी ते सगळ्यांसमोर ऐटीत डब्यावर ठेवलं, आणि ते टुपकन आत जाऊन तळाशी बसलं.

शेजारच्या चाकावर एक निवृत्त नर्स बसायच्या, त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. त्या डब्यात डोकावल्या आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "काका, पेशंट गेला."

आधी काकाच हसले. असे हसले, की हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बराच वेळ थांबेना. ते कशाचं, हे सिस्टरनं विचारलं नाही. नुसता ओला रुमाल पुढे केला, तोही मातीनं बरबटलेला.

त्या दिवसापासून काका माणसांत आले. सिटी बस चालवणारा एक ड्रायव्हर होता, त्याची सगळी भांडी डावीकडे कलायची. "गाडी वळणावर आहे हो अजून," असं म्हणून तोच आधी हसायचा आणि थर्मासमधला पहिला चहा काकांना द्यायचा. एखादा मंगळवार चुकला तर सिस्टरचा फोन ठरलेला, "आहात ना? मग या की!" शिकवणाऱ्या बाई वयानं मुलीएवढ्या, पण त्यांचा धाक असा, की काका उशीर झाला तर जिन्यातूनच माफी मागत यायचे.

तीन वर्षं अशी गेली. मग काकांचा गुडघा गेला. मुलीनं फोनवर निक्षून सांगितलं, "बाबा, आता एकटं राहणं बास." महिनाअखेरीस तिच्या गावी जायचं, कायमचं, असं ठरलं. वर्गात मात्र काका मूग गिळून बसले. त्यांनी फक्त एक मोठा वाडगा करायला घेतला. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडं. मुलीच्या टेबलावर तो ठेवायचा होता. तिथे आपण नुसता कुणाचा तरी बाप म्हणून जायचं नाही, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

घोडं अडलं ते भट्टीपाशी. साठ भांडी जमल्याशिवाय ती लावायची नाही, हा नियम. सुट्ट्यांचे दिवस, फळीवर जेमतेम वीस भांडी. काकांनी हळूच विचारलं, "बाई, एकदा अर्धी लावता येईल?"

"नाही काका. अर्ध्या भट्टीत आच सारखी लागत नाही. पण घाई कसली आहे?"

तेव्हा कुठे जाण्याचं त्यांच्या तोंडून निघालं. बाईंनी फळीवरची भांडी पुन्हा एकदा मोजली.

शुक्रवारी काका जिना उतरले तर तळघरात पाय ठेवायला जागा नाही. सिस्टरनं जुन्या वॉर्डातल्या पाच नर्सेस धरून आणल्या होत्या. ड्रायव्हरनं डेपोतले चार कंडक्टर आणले होते, ते गणवेशातच. बाईंची सासू बाह्या सारून तयार. यातल्या एकानंही कधी माती हातात घेतलेली नव्हती.

सिस्टर तरातरा समोर आल्या. "जाणार, हे आम्हाला बाईंकडून कळायचं? आम्ही काय परके आहोत? आता बघत काय बसलात, शिकवा यांना! भट्टी भरायची आहे."

काका शिकवू लागले. "पातळ करा, पातळ. जाड राहिलं तर तडकतं," असं सांगत दुखऱ्या गुडघ्यानं ते या हातावरून त्या हाताकडे फिरत होते. पुढच्या मंगळवारी आणखी माणसं आली. फळी भरली. भांडी सुकली, आणि एकदाची भट्टी लागली.

निघायच्या आदल्या दिवशी ती उघडली. काकांचा वाडगा मधोमध दुभंगला होता.

ड्रायव्हर डोकं धरून पायरीवर बसला. काकांनी दोन्ही तुकडे उचलले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तळ जाड राहिला. जगाला सांगत फिरलो, आणि स्वतःचंच पाहिलं नाही." वाईट त्यांना वाटलंच, कसं नाही वाटणार? पण मग त्यांचं लक्ष बाकीच्या भांड्यांकडे गेलं. कलंडलेले पेले, बोटांचे ठसे उमटलेल्या वाट्या, कशासाठी केलंय ते करणाऱ्यालाही सांगता येऊ नये असं काहीबाही. ही सगळी आपल्यासाठी भाजली गेली, एवढंच त्यांना दिसत होतं. "सिस्टर," त्यांनी विचारलं, "ही मी नेऊ का?"

कोट, सतरंज्या, इस्त्रीचे शर्ट मागे राहिले, आणि खोक्यांत ती चाळीस भांडी बसली.

मुलीनं ती एकेक करून टेबलावर मांडली. ओळीत एकही सरळ उभं राहीना. मग ती जपूनच म्हणाली, "छान आहेत हं, बाबा. यातलं तुम्ही केलेलं कुठलं?"

"एकही नाही," काका म्हणाले. इतक्या अभिमानानं ते आजवर कशाबद्दलच बोलले नव्हते.