गोधडीचं दुसरं टोक

"फाट्!" असा आवाज आला की आमच्या बिल्डिंगीत समजायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लुगडं झटकलं. मग ते ओलं लुगडं त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर पडायचं आणि त्याचा काठ थेट आमच्या, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डोकवायचा. मी खालून ओरडायचे, "काकू, माझ्या तुळशीवर पाणी पडतंय!" वरून उत्तर ठरलेलं, "पडू दे. तिला काय सर्दी होते?"

मुलुंडच्या त्या सोसायटीत आम्ही बहुतेक सगळे चाळीतल्या खोल्या सोडून ब्लॉकमध्ये राहायला आलेलो. परदेश बघितलेल्या मात्र एकट्या काकूच. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून कॅनडाला गेल्या आणि नातवंडं सांभाळत पाच वर्षं राहिल्या. परत आल्या तेव्हा आम्ही बायका त्यांच्याकडे चॉकलेटं खायला जमलो. कुणीतरी विचारलं, "तिकडे सगळ्यात जास्त आठवण कशाची यायची हो?" आम्हाला वाटलं, बांगड्याचं तिखलं म्हणतील, नाहीतर गावचा गणपती.

"कपडे वाळत घालायची," काकू म्हणाल्या.

आम्ही खो खो हसलो. काकू नाही हसल्या. तिकडे सगळं मशीनमध्येच वाळायचं. कपडे गरमागरम बाहेर यायचे, पण त्यांना उन्हाचा वास नाही. "आणि गोधडी पिळायला दोन माणसं लागतात ना गं? एक टोक तू धर, एक मी. पिळता पिळता अख्ख्या वाडीच्या बातम्या कळायच्या. मशीनला दुसरं टोक धरायला कोण लागत नाय. सगळी कामाला गेली की मी आपली मशीनचं तोंड बघत बसायची."

एकदा त्यांनी तिथल्या बाल्कनीत लुगडं वाळत घातलं, तर बिल्डिंगचा माणूस तक्रार घेऊन दारात आला. जावयाने त्याची माफी मागितली. काकूंनी लुगडं मुकाट्याने आत घेतलं. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा असा काही राग आला की हातातलं चॉकलेट मी तसंच खाली ठेवलं.

पुढे सोसायटीने बिल्डिंगीला गुलाबी रंग काढला आणि सगळ्यांच्या अंगात शोभा शिरली. गच्चीवरच्या मिटिंगमध्ये सेक्रेटरींनी ठराव मांडला. रस्त्याकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर पाणी ठिबकतं, वाईट दिसतं. "फॉरेनमध्ये असले लुगड्यांचे झेंडे कुणी बघितलेत का?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. विचारायला फॉरेन बघितलेलं माणूस तेवढंच होतं.

काकू उठल्या. "नाय बघितले. म्हणून तर परत आले. तिकडे गप बसले, कारण घर जावयाचं होतं. हे माझं आहे. ऊन काय सोसायटीचं आहे?"

ठराव पास झाला. जिन्याखाली नोटीस लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी, फाट्!

दोरी काढायला वॉचमनला वर पाठवलं. तो चहा पिऊन, दोन्ही बाह्या भिजवून खाली आला. "माँजी बोली, पकड. तो पकड लिया," एवढंच त्याने सांगितलं. मग सेक्रेटरी स्वतः गेले. "काकू, नियम म्हणजे नियम," असं त्यांनी दारातूनच सुरू केलं. "बरोबर आहे. हे जरा धरा," काकू म्हणाल्या. आता तुम्हीच सांगा, ओल्या गोधडीचं टोक कुणी पुढे केलं तर आपल्यात कोण हात मागे घेतो? तुम्हीही धरलं असतंत. सेक्रेटरींनी पीळ घातला आणि पिळता पिळता मुलीचं लग्न कुठे जमत नसल्याची काळजी सांगून आले. दोरीचं राहिलंच. नोटीस खाली, लुगडं वर, असं मग वर्षानुवर्षं चाललं.

काकू थकल्यावर मुलीने त्यांना पुन्हा कॅनडाला न्यायचा पुष्कळ घाट घातला. त्या हलल्या नाहीत. गेल्या त्या इथेच, स्वतःच्या घरात.

तेरावं झाल्यावर मी वर गेले. मुलीने घरातलं अंथरूण-पांघरूण धुवायला काढलं होतं, आणि आईची ओलीचिंब गोधडी ती आतल्या खोलीत दोन खुर्च्यांवर टाकायला बघत होती. खाली सगळं तळं.

"इथे का गं?" मी विचारलं.

"गॅलरीत बंदी आहे ना? जिन्याखाली नोटीस वाचली," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "धर ते टोक," मी म्हटलं.

तिची सवय गेली होती. दोनदा टोक सुटलं, तिसऱ्यांदा जमलं. पिळता पिळता ती रडायला लागली, मीही रडले, पण टोक कुणी सोडलं नाही. मग गॅलरीत जाऊन मी गोधडी झटकली. काकूंसारखा आवाज आला नाही, पण आला. रस्त्याकडच्या दोरीवर ती ऐसपैस पसरली आणि मी खाली वाकून बघितलं.

बरोबर खाली सेक्रेटरी उभे होते, मान वर करून. गोधडीचं पाणी त्यांच्या टकलावर टपटप पडत होतं. ते बाजूला झाले नाहीत.