मोहनकाका आणि खोटा रस्ता सांगणारा स्विच

काकूंचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी निवडत होते. मोहनकाका बॅडमिंटन खेळताना कोर्टवरच कोसळले, गेले, एवढंच त्या बोलल्या. मी जुडी हातात धरून तशीच उभी... सहा आठवडे झाले, अजून कोथिंबीर आणली नाहीये.

काका म्हणजे नात्यातले नाहीत. एका औषध कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचे. मूळचे सांगलीचे, अठ्ठावन्न वर्षांचे. मी तेव्हा मास्टर्स करून नुकतीच लागलेली, नोकरी गेली तर व्हिसा गेलाच, म्हणून सगळं भराभर करून दाखवायची घाई. काका म्हणायचे, तुझी बोटं डोक्याच्या पुढे धावतात गं.

आणि एका दुपारी ती खरंच धावली. मी लॅबच्या स्विचला, म्हणजे सगळे पीसी ज्याला जोडलेले असतात त्या डब्याला, टेस्टिंगसाठी एक आयपीव्ही सिक्सचा, नव्या पद्धतीचा नेटवर्क अ‍ॅड्रेस दिला. एवढंच! मला माहीतच नव्हतं की असा अ‍ॅड्रेस मिळाला की आमचा स्विच आपणहून सगळ्या पीसींना सांगत सुटतो, बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून आहे. या घोषणेला राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट म्हणतात. आणि पीसी बिचारे भोळे, लगेच विश्वास ठेवतात. त्या स्विचच्या पुढे रस्ताच नव्हता. दहा मिनिटांत लॅबमधून फोन, मशीनची रीडिंग्ज सर्व्हरला पोचत नाहीयेत, सकाळपासूनचं काम वाया जाईल. मी घाबरून त्या घोषणा बंद करून टाकल्या, कुणाला न सांगता. पण काहीच सुधारलं नाही. पीसींनी ऐकलं ते ऐकलं, आता अर्धा तास ते विसरणार नव्हते.

सगळे कॉलवर आले. आमच्या मॅनेजर डनीसने विचारलं, आज कुणी काही बदललंय का. मी म्यूटवरच राहिले. काकांनी खुर्ची सरकवून माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूच ना?"

"काका, माझा व्हिसा..."

"माहितीये. आधी बोल. स्विच नंतर."

मी अनम्यूट केलं आणि बोलले. काका हळूच म्हणाले, आता घोषणा परत चालू कर. मला वाटलं हे चेष्टा करतायत. पण ते समजावत होते, नुसतं गप्प बसून भागत नाही, ज्याने चुकीचा रस्ता सांगितला त्यालाच सांगावं लागतं की मी रस्ता नाही, मला विसरा. लाइफटाइम, म्हणजे हा रस्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, शून्य टाकायचा आणि पाठवायचं. मी म्हटलं, तुम्ही करा ना. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी टाइप केलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा एंटर... मिनिटभराने लॅबवाला म्हणाला, आलं, रीडिंग्ज येतायत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मला काढलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, खरं बोलले म्हणून वाचले. मागच्या आठवड्यात डनीसने मला बोलावून त्या दिवसाचा रिपोर्ट उघडून दाखवला. म्हणाली, वरचे लोक तुला काढायचं ठरवूनच बसले होते. माझ्या कबुलीच्या खाली काकांनी त्यांच्या साध्या इंग्लिशमध्ये तीन वाक्यं लिहिली होती: मी शेजारीच बसलो होतो. ती काय करतेय हे मी विचारलं नाही. तिला काढणार असाल तर आधी मला काढायचा विचार करा.

तेव्हा त्यांची मुलगी कॉलेजात, डोक्यावर घराचं कर्ज, आणि काकांनी हे लिहून दिलं. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आता त्यांचं अकाउंट बंद झालंय, रिपोर्टवर नावाच्या जागी नुसता करडा गोल दिसतो. ती तीन वाक्यं मात्र आहेत.

त्यांच्या डेस्कवर आता ब्रायन बसतो, नवा आहे, फास्ट टाइप करतो. काल मी खुर्ची सरकवून त्याला विचारलं, काय करतोयस? तो दचकला. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.