सारसोळ्याच्या चिखलातला शॉट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मुलाखतींत तर सोडाच — तिथं मी नेहमी दुसरंच काहीतरी सांगत आलो.

आज नवी मुंबईचे टॉवर उभे आहेत ना, तिथल्या सारसोळ्याचा मी, कोळ्याचा पोर. पन्नासच्या दशकात मुंबईला पळालो. गर्दीतला नट झालो, मग सहायक, आणि शेवटी स्वतःचा पहिला सिनेमा. दिग्दर्शक मी, नायकही मीच. शूटिंग आमच्याच खाडीवर. त्यातला एक शॉट लोकांना अजून आठवतो — होडी बुडाल्याचं कळताच कोळीण पाण्याकडे धावते, चिखलात कोसळते. त्यानंच मला नाव दिलं. कसा घेतलात, असं सगळे विचारायचे. मी म्हणायचो, नशीब.

नशीब कसलं?

नायिकेला चिखलात उतरायचं नव्हतं. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला, हिरूला, नायिकेचं लुगडं नेसवून पाठमोरी धावायला लावलं. ती धावली — पण हसत. पुन्हा धावली, पुन्हा खांदे हसायला लागले. ऊन उतरत होतं. मग मी तिच्याजवळ गेलो आणि — किती सोपं होतं ते — म्हणालो, "हिरू, नारायणची होडी उलटली म्हणतात."

नारायण तिचा नवरा. मासळी घेऊन उरणला गेलेला, सुखरूप. मला ठाऊक होतं.

ती कशी ओरडली, ते मला लिहिता येत नाही. धावली, पडली, रांगत पाण्याकडे निघाली. कॅमेरा चालू. मी 'कट' म्हणायला हवं होतं, नाही का? नाही म्हटलं. रीळ संपेपर्यंत नाही.

माणसं धावत आली. "कुनी सांगला तिला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि तेव्हा मी — हे, हेच सांगायचंय — बोट दाखवलं. किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या पोशा काकांकडे.

"मला काका म्हणाले."

"मी? मी कवा बोललू रं?"

कुणी ऐकलं नाही. नारायण परत आल्यावर तर गाव जास्तच चिडलं. जित्या माणसाला मारणारं तोंड, म्हणून काकांना कुणी होडीवर घेईना. हिरू त्यांच्या खांद्यावर खेळून वाढलेली. तिनंही बोलणं टाकलं. काकांनी मला कधी जाब विचारला नाही. गावी गेलो की नुसते बघायचे. मी जाणंच कमी केलं.

पुढचे सिनेमे आले, पडले. मग एक दिवस काका गेल्याचा निरोप आला. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, ठाण्यावरून वळसा घालून गाडीनं पोचलो. खांद्याला माणसं कमी होती, मी खांदा दिला. "येवरा मोठा झाला, पन आला," कुणीतरी म्हणालं. 

हिरू आलीच नव्हती. तिच्या घरी गेलो, दार लोटलेलं. माझी चाहूल लागताच आतून तिनं विचारलं, "नेला का त्याला?"

"नेला," म्हणालो. तेवढंच. आणि दारातूनच परत फिरलो.

आता हिरूही नाही. ते मला काकांनीच सांगितलं, असं धरूनच ती गेली. रचलं मी होतं.