डाव्या बाजूची सावली

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा ओठांवर आलं होतं — गिळून टाकलं. आता घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. बरंच आहे ते.

मी घोडेगावला शाळेत चित्रकला शिकवायचो. छायाप्रकाश हा माझा हातखंडा विषय. आमच्या शिनोलीच्या घरात वडिलांचं एक तैलचित्र आहे, ते दाखवायला मी मुलांना घरी न्यायचो. म्हातारा ओट्यावर बसलाय, उजवीकडून उतरतं ऊन गालावर, मिशीवर पडलंय, आणि डावीकडचा अर्धा कॅनव्हास गडद काळोख. बघणारे म्हणायचे, म्हातारपणातलं एकटेपण काय पकडलंय सर! मी मान डोलवायचो. दोन हजार सालानंतरही किती वर्षं डोलवत होतो.

पण वडील एकटे होते कुठे?

नव्वदच्या दशकात त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. मी नोकरीचं निमित्त पुढे करून रविवारीच घरी जायचो. घोडेगाव ते शिनोली — लांब आहे का हो? रोज यायचा तो दामू. माझा वर्गमित्र, बौद्ध वस्तीतला. वडिलांना अंघोळ घालायचा, उचलून ओट्यावर उन्हाला बसवायचा. डिंभ्याच्या धरणावरून मासे आणले की काटे काढून भरवायचा. मी माझ्या बापाला एक घास भरवलेला नाही.

वडील गेल्यावर मी चित्र काढलं ते दोघांचं. वडील आणि चित्रात डावीकडे दामू. तो समोर बसायला आला तेव्हा पांढरा सदरा इस्त्री करून घालून आला होता. त्या सदऱ्यावरचं ऊन दिसावं म्हणून मी पांढरा रंग जाड थापला. चांगलं झालं होतं हो चित्र. तसं पुन्हा कधी जमलं नाही.

वर्षश्राद्धाला ते भिंतीवर लावायचं होतं. आधी चुलते बघून गेले. रागावले नाहीत की काही नाही. एवढंच म्हणाले, "ह्यो शेजारी कशाला बसवलास, बाळू? पावणं इचारतील."

विचारू देत की! उत्तर माझ्याकडे होतं. पगारदार माणूस मी, घर माझं, चित्र माझं — कोण माझं काय वाकडं करणार होतं? पण मी "बरं" म्हणालो. दुसऱ्या दिवशी तपकिरी रंगात निळा मिसळला आणि दामूवर फिरवला. आधी पाय, मग हात, तोंड सगळ्यात शेवटी. वाळलेला पांढरा रंग खरवडून काढायला हवा होता, तेवढा धीर नव्हता. तसाच काळा चढवला आणि त्याला सावली म्हटलं.

वर्षश्राद्धाला पाव्हणे जेवून उठल्यावर दामू आला. मी त्याला बोलावलं नव्हतं — वडिलांसाठी आला होता. चित्रासमोर उभा राहिला. मग हात पुढे करून त्यानं त्या काळोखावर बोट ठेवलं. बोट हळूहळू खांद्यावरून वर सरकलं आणि गळ्यापाशी थांबलं. रंगाचे उंचवटे हाताला लागत होते.

"ही माझ्या सदऱ्याची कॉलर हाय ना रं?"

चुलते दारातच पान लावत बसले होते. मी म्हणालो, "नाय. रंग जाड बसलाय तिथं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी चित्राकडे बघत राहिलो.

"आसंल," तो म्हणाला, आणि चपला घालून गेला. पुन्हा आमच्या ओट्यावर चढला नाही. मीही कधी त्याच्या घरी गेलो नाही. घोडेगावच्या स्टँडवर दिसायचा. तो मान हलवायचा, मी एसटीची पाटी वाचायचो.

चुलते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर ढकलता आलं असतं. पण रंग मी चढवला. विचारलं मला होतं, आणि माझ्या बापाला अंघोळ घालणाऱ्या माणसाला, त्याचं बोट त्याच्याच कॉलरवर असताना, मी नाही म्हणालो.