बांगीभाईचा गळा

फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करणाऱ्या त्या माणसाचं खरं नाव हजेरीपटाबाहेर फारसं कुणी वापरत नसे. सगळा मोहल्ला त्याला बांगीभाई म्हणे. कारखान्याच्या मागेच मशीद होती आणि तिथली बांग, म्हणजे नमाजसाठी द्यायची हाक, तोच देत असे. कपाटावर घासकागद फिरवता फिरवता वेळ झाली की हात पुसायचा, मागच्या दाराने निसटायचा, हातपाय-तोंड धुऊन वुजू करायचा आणि कानांवर हात ठेवून उभा राहायचा. नमाज आटोपून आला की ते कपाट पुन्हा पुढ्यात. मालकाने सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या, पण हा माणूस संध्याकाळी मागे थांबून कसर भरून काढतो हे पाहिल्यावर त्याने तो विषय सोडून दिला.

दिसायला बांगीभाई म्हणजे नुसती काडी. एवढ्याशा देहात एवढा आवाज अल्लाहने कुठे घडी घालून ठेवलाय, अशी बायको त्याची थट्टा करायची. तो आवाज काही गोड नव्हता. खालच्या पट्टीतला, थोडा जाड, पण कुणीतरी ओळखीचं माणूस शेजारच्या खोलीतून आपल्याला बोलावतंय असं वाटायला लावणारा. एरवी मात्र हा माणूस मितभाषी. घरात बोलण्याचं सगळं खातं बायकोकडे होतं आणि ती ते मनापासून सांभाळायची. एकुलती एक मुलगी कपडे शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर होती. ती बापासारखीच कमी बोलायची, पण बोलली की आईवर जायची.

पहिल्यांदा घसा बसला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. कोमट पाणी झालं, मध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. आवाज खरखरतच राहिला. मग एक दिवस लाकडावर लाख फिरवताना त्याला खोकल्याची उबळ आली आणि हातातल्या कापडाच्या पुरचुंडीवर लाल डाग पडला. लाखेचाच रंग असेल म्हणून त्याने तो नीट निरखून पाहिला. लाख नव्हती.

हॉस्पिटलमधली डॉक्टरीण तरुण होती, आणि सरळ बोलणारी.

"काका, विडी? तंबाखू?"

"कधीच नाही."

"पॉलिशच्या वासात काम करताना तोंडाला काही बांधता?"

बांगीभाईने मान हलवली. तोंडाला फडकं बांधून काम करणारा पॉलिशवाला त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"त्यानेही झालं असेल. नसेलही. कधी कधी कारण सापडतच नाही." तिने रिपोर्ट पुढे ओढला. "जगायचं असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण. गळ्याला पुढून एक भोक ठेवू, श्वास तिथून घ्यायचा. बोलता येणार नाही."

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. ती काही बोलली नाही आणि नवऱ्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारची बांग मीच देणार, असा त्याने हट्ट धरला. बातमी पसरली होती, त्यामुळे मशीद भरली. सगळ्यांना वाटत होतं, काहीतरी कायम लक्षात राहील असं ऐकायला मिळेल. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसरीला आवाज चिरकला आणि माइकमधून साऱ्या मोहल्ल्याला नुसती धाप ऐकू गेली. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. शेवटी पहिल्या रांगेतला, मोहल्ल्यात घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळवाला पुढे आला, त्याने माइक स्वतःकडे ओढला आणि बांग पुरी केली. बांगीभाई बाजूला सरकून उभा राहिला. त्याचे हात अजून कानांवरच होते.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. घरी आला तो गळ्यात नळी घेऊन. ती नळी दिवसातून कितीदा तरी साफ करावी लागे. बायको हे काम शिकली. पहिल्या दिवशी तिला भोवळ आली, दुसऱ्या दिवशी ती ओकली, नंतर भांडी घासावीत तशी सरावाने करू लागली. नवऱ्याचे ओठ वाचायलाही तीच शिकली. तो ओठ हलवायचा आणि ती लोकांना सांगायची. फक्त तो दोन शब्द बोलला की ती वाक्यभर सांगायची. एकदा पाहुण्यांसमोर त्याने नुसतं "चहा" म्हटलं. बायको म्हणाली, "ते म्हणतायत, इतक्या लांबून आलात, बसा, चहा घ्या, आणि मागच्या वेळी आमच्या पोरीच्या स्थळाचं बोलला होतात त्याचं काय झालं?" त्याने कपाळाला हात लावला. त्या घरात त्या दिवसांत हसू आलं ते असंच.

पाहुण्यांची रीघ मात्र हळूहळू नकोशी झाली. घड्याळवाला आला. आता बांग तोच देत होता आणि त्याचा त्याला थोडा संकोचही वाटत असावा. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "बांगीभाई, राग मानू नका. पण कुठेतरी काही चुकलं असेल. आपल्या हातून नकळत घडतं. तौबा करा, माफी मागा."

ते बोलणं बांगीभाईच्या जिव्हारी लागलं. घड्याळवाला निघून गेल्यावर त्याने आपलं आयुष्य मागे उलगडून पाहायला सुरुवात केली. तरुणपणी म्हाताऱ्या वडिलांवर आवाज चढवला होता, तो? आपली बांग ऐकून लोक थबकतात हे कळल्यावर मनात गुदगुल्या होत होत्या, त्या? होत होत्या, हे खरंच होतं. त्याची जेवणावरची वासना उडाली.

मग मावसबहीण आली. ती चांगल्या मनाची बाई, येताना फळं घेऊन आली. डोळे पुसत म्हणाली, "अल्लाहचं ज्याच्यावर प्रेम असतं ना, त्यालाच तो आजमावतो."

मुलगी दारात चपला काढत होती. कारखान्यातून नुकतीच आलेली, केसांवर दोऱ्याचे तुकडे.

"मग त्याला सांगा," ती म्हणाली, "थोडं कमी प्रेम कर म्हणावं."

आई म्हणाली, "तोंड सांभाळ!" पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"का सांभाळू? आयुष्यभर ज्या गळ्याने त्याचं नाव घेतलं, नेमका तोच? लबाडी करणाऱ्यांचे गळे काय कमी आहेत इथे?" असं म्हणून ती आत गेली. त्या दिवसापासून तिने नमाज सोडली. भांडली नाही, जाहीर केलं नाही. जानमाज, नमाजाचा तो छोटा गालिचा, घडी करून कपाटावर टाकला, एवढंच.

बांगीभाई मशिदीत जात राहिला, शेवटच्या रांगेत. सजद्याला, कपाळ जमिनीला टेकायला, वाकला की गळ्यातून शिट्टीसारखा आवाज निघायचा आणि कफ यायचा. शेजारचा माणूस तोंडाने काही म्हणायचा नाही, पण किंचित सरकायचा. काही दिवसांनी बांगीभाईने जाणं थांबवलं.

तेव्हा मशिदीचे मौलाना स्वतः घरी आले. म्हातारे, गुडघे धरून जिना चढलेले. त्यांची बायको कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं ते स्वतः करत. टेकून बसले आणि बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले. बांगीभाईने ओठ हलवले.

बायको म्हणाली, "ते विचारतायत..." आणि अडखळली. या वेळी तिने पदरचं काही घातलं नाही. "ते विचारतायत, ही शिक्षा आहे का?"

"कोण म्हणालं?" मौलानांनी विचारलं. मौलानांना ते बहुधा माहीत होतं. "बांगीभाई, हजरत अय्यूब पैगंबर होते. अंगाला रोग लागला, मुलंबाळं गेली, लोक दूर झाले. त्यांनी कुठला गुनाह केला होता? सगळ्यात कठीण वेळ पैगंबरांवरच आली, मग त्यांच्या खालोखाल जे होते त्यांच्यावर. दुखणं आलं म्हणजे अल्लाह नाराज, असं असतं तर धडधाकट माणसं सगळी जन्नतीच म्हणायची."

दाराआड मुलगी उभी होती. ती बाहेर आली नाही, पण गेलीही नाही.

"आपण मानतो, की मोमिनला, ईमान असलेल्या माणसाला, काटा टोचला तरी त्याने त्याचे गुनाह झडतात," मौलाना म्हणाले. "आपण मानतो, की ही दुनिया मोबदला मिळायची जागाच नव्हे, तो पुढे आहे. मी हे खरं मानतो. पण ज्याच्यावर वेळ आलीय त्याने ते स्वतःशी म्हणावं. दुसऱ्याने येऊन त्याच्या तोंडावर म्हटलं, की त्याचा दगड होतो. मी स्वतः असे दगड पुष्कळांना मारलेत. बायको आजारी पडली आणि लोक माझ्याकडे येऊन तेच बोलायला लागले, तेव्हा कळलं."

बांगीभाईचे ओठ पुन्हा हलले. "मग कशासाठी?" बायकोने सांगितलं.

"तुमच्या बाबतीत कशासाठी, ते मला माहीत नाही. फुकट जाणार नाही, एवढाच माझा विश्वास आहे. आणि रडू आलं तर रडा. मुलगा गेला तेव्हा आपले पैगंबरही रडले. हजरत याकूब तर मुलासाठी रडून रडून आंधळे झाले. तरी सब्र करणारे, धीर धरणारे म्हणून त्यांचंच नाव घेतात."

ते जिना उतरून गेल्यावर बांगीभाई भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. आवाजाशिवाय रडणारा माणूस पाहणं फार कठीण असतं. बायकोने दार लोटून घेतलं.

यानंतर सगळं सावरलं असतं तर बरं झालं असतं. पण गळ्याच्या बाजूला गाठ आली. मशीनखाली झोपवून शेक दिले, कातडी भाजून काळी पडली, गाठ तशीच. डॉक्टरीण या वेळी सरळ बोलली नाही, नुसती बायकोच्या हातावर हात ठेवून बसली. बायकोचे गुडघे सुजले, तिला वाकवेना, तेव्हा नळी साफ करायचं काम मुलीकडे आलं. कामाला जाण्याआधी आणि आल्यावर ती ते करायची, बोटांत शिवणकामाची सफाई होतीच, आणि हळूहळू तिला त्याचे ओठ वाचणंही जमू लागलं.

एका पहाटे ती नळी पुसत होती. खिडकीतून घड्याळवाल्याची बांग आली, जराशी बेसूर. तिचं लक्ष बापाच्या तोंडाकडे गेलं. ओठ हलत होते. बांगेबरोबर नव्हे, किंचित आधी, घड्याळवाला कुठे श्वास घेईल हे ठाऊक असल्यासारखे. शेवटच्या शब्दापर्यंत ते हलत राहिले. मग थांबले.

"अब्बा, रोज म्हणता?"

त्याने पापण्या मिटून हो म्हटलं.

आई अजून झोपेत होती, मधे पडून सांगणारं कुणी नव्हतं. मुलीने कापसाचा बोळा खाली ठेवला.

"अल्लाहचा राग येत नाही?"

बांगीभाईने तिच्याकडे पाहिलं. मग ओठ हलले. तिला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. "काय?"

त्याने पुन्हा म्हटलं. "येतो. रोज."

"आणि मग?"

"मग त्यालाच सांगतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला सांगू?"

तिने नळी बसवली, बांधायची पट्टी नेहमीपेक्षा जरा सैल केली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. गळ्यातल्या भोकातून येणारा श्वास तिच्या केसांना लागत होता. लहानपणानंतर ती बापाच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती.

थंडी सरता सरता बांगीभाई गेला. सोपं मरण नव्हतं. शेवटचे दिवस श्वासासाठी झगडण्यात गेले आणि बायको दोन्ही हात पसरून अल्लाहकडे त्याची सुटका मागत होती. जनाज्याला मोहल्ला लोटला. घड्याळवाल्याने खांदा दिला, तो घरापर्यंत आला, बायकोसमोर उभा राहिला आणि तोंड उघडून काही न बोलताच परत गेला. तो काही बोलला नाही म्हणून मुलीला त्याच्याविषयी पहिल्यांदा बरं वाटलं.

मुलगी लगेच कामावर रुजू झाली. उन्हाळा सुरू झाला होता. एका सुट्टीच्या दुपारी आई बाजारात गेली असताना तिने वुजू केला आणि ती नमाजला उभी राहिली. मधेच शब्द विसरली, पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा अडली. मग तशीच खाली बसली आणि अब्बांसारखं, पण मोठ्याने, अल्लाहलाच सांगायला लागली. नळीबद्दल, सरकणाऱ्या शेजाऱ्याबद्दल, शेवटच्या त्या दिवसांबद्दल. आवाज चढला होता, अधूनमधून शिवीही येत होती. आई पिशवी घेऊन दारात आली, तिने ऐकलं आणि आत न येता जिन्यातच पायरीवर बसली.