सरांची कोरडी विहीर

छत्री पेटीवर आणि डोकं उन्हात. तो माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो असा. दोन्ही हातांनी छत्री धरून एका लाकडी पेटीवर सावली केलेली, आणि स्वतःचं टक्कल तांब्याच्या घागरीसारखं तापलेलं. कोणी म्हटलं, "सर, सावलीत या," की म्हणायचा, "पेटी तापली की खोटं बोलते. मी तापलो तर नुसता चिडतो."

चिडताना मात्र तो कधी दिसला नाही. हेही मला आवडायचं नाही.

युनिव्हर्सिटीत तो पदार्थविज्ञान शिकवायचा. सगळे त्याला अहोजाहो करत. मी मनात कधी केलं नाही, आता लिहितानाही करणार नाही.

मी कोण, तेही सांगतो. मी पाणाडी. शाळा दुसरीपर्यंत, पुढं गुरं. पण कडुलिंबाची बेचकी हातात धरून शेतातून चाललो की खाली पाणी कुठं आहे ते मला कळतं. दिंद्रुडपासून उमापुरापर्यंत मी दाखवलेल्या विहिरी आहेत. एका गावात जागा कोरडी गेली, पण तिथं खडकच बेइमान होता. त्या गावाने मला पुन्हा बोलावलं नाही. मीही गेलो नाही.

बहात्तरचा दुष्काळ वेगळा. मी सांगतोय तो नंतरचा, टँकरवाला. आमच्या वस्तीवरच्या शेतकऱ्यांनी पाण्याची सहकारी सोसायटी काढली. सगळ्यांची मिळून एक विहीर. जागा कोण दाखवणार याची कोणाला शंका नव्हती, मला तर नव्हतीच. चेअरमन माझा चुलतभाऊ, आणि त्यानेच युनिव्हर्सिटीत जाऊन हा सर आणला.

"कावून बे?" मी विचारलं. "मी मेलो का?"

"तू हायेस की," तो म्हणाला. "पर ह्यो पोरं बी आणतोय, मशीन बी आणतोय. बघू दे त्याला."

पोरं म्हणजे एमेस्सीची. निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. परदेशी मशीन युनिव्हर्सिटीला झेपत नव्हतं, म्हणून सराने पोरांना हाताशी घेऊन ते इथंच जुळवलं होतं. पेटी म्हणजे शिलाई मशीनचं झाकण. तार सायकलच्या रिमवर गुंडाळलेली. चार लोखंडी कांबी लोहाराकडून ठोकून घेतलेल्या. बाहेरच्या दोन कांबींतून वीज जमिनीत सोडायची आणि आतल्या दोन्हींचा आकडा पेटीवर बघायचा. ओल असेल तिथून वीज सहज जाते, कोरड्या खडकात अडते. हे त्याने मला पुन्हा पुन्हा समजावलं. मला पहिल्यांदाच कळलं होतं, पण मी कळल्याचं दाखवलं नाही.

भुई इतकी वाळलेली की वीज आत उतरेना. सर म्हणाला, कांबीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागेल. टँकरवरून आलेल्या बायका बघत उभ्या होत्या. एक म्हणाली, "आमी लेकरांना घोट घोट देताव, अन् हे भुईला पाजतंय."

सराने आपल्या आणि पोरांच्या प्यायच्या पाण्याचा डबा उघडला, त्यात मीठ कालवलं आणि ओतला. दिवसभर सगळे कोरड्या घशाने राबले. आकडे ओरडून सांगता सांगता पोरांचे आवाज बसले.

दुसऱ्या दिवशी बायका तांबे घेऊन आल्या. मिठाचं पाणी, वर हळदकुंकू. त्यांना वाटलं, विजेला मिठाचा नैवेद्य लागतो. पोरं हसायला लागली तर सर म्हणाला, "हसू नका. हळदीने आकडा बिघडत नाही." आणि हळदकुंकवासकट ओतून घेतलं. त्या बायकांत माझी बायको होती.

"तू कावून गेलतीस?" मी घरी विचारलं.

"समद्याच गेल्या."

"माझ्या बेचकीला कधी कुकू लावलं न्हाईस."

"तुमी कधी काई मागितलंच न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मी माझी जागा बोरीजवळ दाखवली होती. सर आला, म्हणाला, "मामा, तुमचीही जागा मोजून बघू का?"

"माझ्या जागेला तार लावायची न्हाई. खांदायची आसंल तर खांदा."

सोसायटीने हात वर करून सराची जागा घेतली, ओढ्याच्या वळणावरची. चेअरमनचा हात सगळ्यांत आधी वर.

तोडीवरून माणसं परतली होती. दगड वर ओढायला यारी उभी राहिली, सुरुंग उडाले. आधी मुरूम, मग काळी चिकण माती, मग खडक, आणि खडकाखाली पुन्हा खडक. थेंब नाही. त्या दिवसांत मला जेवण गोड लागायचं.

सर येणार तो दिवस मी चुकवला नाही. धुतलेलं धोतर नेसून विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. मला त्याचं तोंड बघायचं होतं. सर दोर धरून तळाशी उतरला, पोरांनाही उतरवलं, आणि त्या कोरड्या विहिरीत त्याने वर्ग घेतला. काळ्या मातीचा थर बोटाने खरवडून म्हणाला, "इथं मी चुकलो. ही माती ओल धरते, वीज जाऊ देते, पण पाणी सोडत नाही. आकडा खरा होता. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला." पोरं एकेक करून त्या थराला हात लावत होती. वर आल्यावर हेच त्याने सोसायटीला सांगितलं, त्याच शब्दांत.

आता याला कोण पहिली शिवी घालतो, याची मी वाट बघत बसलो.

चेअरमन म्हणाला, "मंग सर, आता कुठं बघायचं?"

बघा, तिथं माझं पोट दुखलं ते आजवर दुखतंय. माझी एक जागा कोरडी गेली तर एक गाव तुटलं. हा सगळ्यांदेखत मी चुकलो म्हणतो, आणि लोक त्याच्या आणखी जवळ सरकतात. मला कुठून जमावं ते? मी म्हणजे माझी बेचकी. ती चुकली की मागं काय उरतं? त्याच्यामागं पेटी होती, पोरं होती. माझ्या हातातलं मला दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. हा आपली चूकसुद्धा पोरांच्या हाती देत होता, आणि पोरं ती जपून घेत होती.

मी उठून म्हणालो, "बोरीजवळ खांदा."

"मोजू द्या मामा," सर म्हणाला. "तुमचीच जागा निघेल कदाचित."

"तार लावायची न्हाई."

मग त्याने माळाच्या वरच्या अंगाला पुन्हा कांबी ठोकल्या आणि तिथं पाणी लागलं. बोरीजवळ आजवर कोणी खांदलेलं नाही. पाणी तिथंही आहेच.

पाणी लागलं की जागा दाखवणाऱ्याला फेटा बांधायचा, ही आमच्याकडची रीत. या शिवारात तो मान तोवर माझ्याशिवाय कोणाला मिळाला नव्हता. कोणीही बांधला तरी सराच्या टकलावरून घसरायचा. शेवटी मीच पुढं झालो. घट्ट बांधला.

"मामा, कान दुखतात."

"दुखू द्या. मान हाय तो."

पुढं दर उन्हाळ्यात तो नवी पोरं घेऊन यायचा. पाण्याच्या विहिरीकडे नंतर, आधी कोरड्या विहिरीकडे. एका उन्हाळ्यात आला नाही. त्याच्या हाताखाली शिकून स्वतः सर झालेला एक जण आला, आणि त्याने सांगितलं की सर गेले. मी म्हणालो, "बरं." त्या दिवशी मी बेचकी हातात घेतली नाही.

गेल्या साली सोसायटीने ठरवलं, कोरडी विहीर बुजवायची. गुरं पडतात. जेसीबी आला. मी काठावर जाऊन मांडी घालून बसलो.

"उठ बे," चेअरमन म्हणाला. तोही आता काठी टेकत चालतो. "तुझं काय ठिवलंय त्यात?"

"बुजवायची न्हाई."

पाण्याच्या विहिरीवर सराच्या नावाची पाटी आहे. येणारा-जाणारा ती वाचतो आणि हात जोडतो. तो चुकला होता, याला साक्षीला हा एवढा एकच खड्डा उरलाय. तो मी बुजवू द्यायचा? दुपारपर्यंत उठलो नाही. शेवटी त्यांनी भोवती काटेरी तार ओढली आणि जेसीबी परत गेला.

अधूनमधून मी जाऊन तारेतून खाली बघतो. भिंतीतला तो काळा थर भर उन्हाळ्यातही ओलसर दिसतो. कोणीही फसेल.